शब्द येईपर्यंत

कन्नौदच्या मंडीत उमाशंकरराव लिलाव पुकारायला लागले, की फाटकाबाहेरच्या चहावाल्यालाही सोयाबीनचा भाव कळायचा. "बोलो भिया, आगे बोलो! सो गए क्या?" दिवसभर हाच आवाज. देवासला घरी आले की मात्र घसा दमलेला असायचा. प्रमोदिनीबाईंचा सगळा संसार त्यांच्या "हूं" आणि "बरं" यांवरच झाला होता.

निवृत्तीनंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात त्यांना लकवा झाला. पाय सावरला, हातही बराचसा सावरला. वाचा गेली. समोरच्याचं सगळं कळायचं, काय म्हणायचंय तेही ठाऊक असायचं, पण शब्द ओठांपर्यंत पोचायचा नाही. आणि पोचलाच तर मराठी. ज्या हिंदीवर जन्मभर पोट भरलं ती कुठे गेली कोण जाणे. "ऊन", "पाणी", "आई" असे लहानपणचे शब्द तेवढे हाती लागायचे.

इंदूरला बोलण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी प्रमोदिनीबाईंना बजावलं, "ते अडले तर शब्द तुम्ही पुरवू नका. कितीही वेळ लागो, थांबा. आयता मिळाला तर ते शोधणंच सोडून देतील."

ऐकायला सोपं होतं. पण ते "च... च..." करत कपाळाला आठ्या घालून बसलेले असायचे, तिकडे दूध उतू जायचं, दारात भाजीवाला ओरडायचा, आणि चहा हवाय हे तर समोर दिसत असायचं. प्रमोदिनीबाई पदराखाली मुठी आवळून बसायच्या. कधी कधी आतून असा संताप यायचा, की उठून निघून जावं वाटायचं. त्या उठायच्या नाहीत. शेजारीपाजारी घाईने मदतीला धावले, तर हात आडवा करून म्हणायच्या, "रुकिए, वो बोल रहे हैं."

असंच एका दुपारी उमाशंकररावांनी सुरू केलं. "तू..." मग कितीतरी वेळ काही नाही. "तू... गायचीस." आणखी बऱ्याच वेळाने, "मी... दारात."

प्रमोदिनीबाईंना आधी उमगेना. मग एकदम उमगलं. मंडीतून आल्यावर हे दाराबाहेरच उभे राहत असत. आत गेलो तर ही ओट्यापाशी गुणगुणायची थांबेल, म्हणून. एवढ्या वर्षांत कधी बोलले नव्हते. बोलता येत होतं, तेव्हा बोलले नव्हते. बाई स्वयंपाकघरात गेल्या आणि नळ सोडून रडल्या.

पुढे लेकीचं, अपूर्वाचं लग्न ठरलं. कन्यादान कोणी करायचं, हा प्रश्न निघाला तेव्हा उमाशंकररावांनी छातीवर हात ठेवला. "मी."

गुरुजी समजूतदार होते. म्हणाले, "बाकीचं मी म्हणतो. 'धर्मेच, अर्थेच, कामेच', एवढं काकांनी जावयांना उद्देशून म्हटलं की झालं." मग रोज सकाळी गॅलरीत चहा झाला की दोघं नवराबायको समोरासमोर बसत. पहिले दोन शब्द आले. तिसरा एक दिवस यायचा, दोन दिवस रुसायचा.

लग्नाच्या दिवशी मांडवात प्रमोदिनीबाई हातात झारी घेऊन उभ्या होत्या. उमाशंकररावांच्या ओंजळीवर पाणी सोडायचं होतं.

"धर्मेच," ते म्हणाले. स्पष्ट म्हणाले. "अर्थेच."

मग अडलं. ओठ हलत राहिले. मान लाल झाली. फोटोवाल्याने कॅमेरा खाली घेतला. मागे कोणीतरी खाकरलं. बाईंनी झारी सरळ धरली. येईल, आत्ता येईल. काल आला होता.

धवल वडिलांच्या मागेच उभा होता. पीथमपूरच्या कारखान्यातून रजा काढून आलेला मुलगा. वडिलांची ती धडपड त्याला कधीच बघवत नसे. तो वाकून मायेने, पटकन म्हणाला, "कामेच."

गुरुजींनी सुटका झाल्यासारखं पुढचं म्हटलं आणि खूण केली, "सोडा पाणी." बाईंचा हात कलला. नवरदेव "नातिचरामि" म्हणाला. उमाशंकररावांच्या बोटांमधून पाणी गळत होतं आणि ते त्या पाण्याकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी बाई चहा घेऊन गॅलरीत बसल्या. उमाशंकररावांनी नाही म्हणून मान हलवली. त्यानंतर रोजच. राग नव्हता, रुसवा नव्हता. जेवायचे, फिरायचे, अपूर्वाचा व्हिडिओ कॉल आला की हात हलवायचे. बोलायचे मात्र नाहीत. धवलला कळलं तेव्हा तो त्यांच्या पायाशी बसला. "बाबा, मला वाटलं तुम्हाला त्रास होतोय." त्यांनी त्याच्या केसांतून हात फिरवला. झालं.

बाई तरीही रोज सकाळी समोर जाऊन बसत राहिल्या.

थंडीत एकदा दोघं मटार सोलत होते. "तू," ते म्हणाले.

बाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. फोन वाजून वाजून थांबला. ऊन पायांवरून सरकून कठड्याशी गेलं.

"तू... थांबली होतीस."

"शेवटी सोडलंच ना पाणी," बाई कशाबशा म्हणाल्या.

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. डाव्या हाताने झारी सरळ धरल्यासारखं केलं. "थांबली... होतीस."

नंतर ते आणखी काही बोलले नाहीत. माघात दुसरा झटका आला आणि रात्र उलटायच्या आत सगळं संपलं.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले. धवल आईजवळ येऊन बसला. बराच वेळ नखं कुरतडत राहिला, मग म्हणाला, "आई, माझ्याबद्दल काही बोलले का ते?"

खोटं बोलणं सोपं होतं. त्याने लगेच विश्वास ठेवला असता.

"नाही रे," त्या म्हणाल्या. "बोलले असते. त्यांना वेळ लागत होता."

धवलने तोंड ओंजळीत लपवलं. त्याला उगी, उगी म्हणायला त्यांना धीर झाला नाही. रडून होईपर्यंत त्या त्याच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिल्या.