परण्याला दिलेली गाडी

आमच्या जिल्ह्यात गाडी घेणारे लई आणि गाडी कळणारे थोडे, हे माझं जुनं मत आहे. ते बदलावं असं काही मला अजून दिसलेलं नाही. कुणी नवी गाडी आणली की पेढे हातात ठेवतो तो "ॲव्हरेज किती देती?" या प्रश्नाची वाट बघत. ब्रेक कसे आहेत, वळणावर गाडी कशी बसते, हे विचारलं तर माणूस माझ्याकडं वेड्यासारखं बघतो. सीटवरचं प्लॅस्टिक दोन दोन वर्षं काढत नाहीत, खाली घामानं भिजतात तरी काढत नाहीत. सीटबेल्टचा पीं-पीं आवाज बंद करायला नुसती क्लिप विकत आणून खोचतात. म्हणजे जीव वाचवायची वस्तू दिलेली असताना तिला गप्प करायला वेगळी खरेदी! उतार आला की न्यूट्रल मारून डिझेल वाचवतात आणि तेच डिझेल संध्याकाळी पुढाऱ्याच्या मिरवणुकीत जाळतात. या सगळ्याचा मला मनापासून संताप येतो.

पण सगळ्यात जास्त संताप येतो तो क्लचवर पाय ठेवून बसणाऱ्यांचा. त्याला कारण आहे.

केजला माझं खता-बियाण्यांचं दुकान आहे. गाडी जुनी, दुसऱ्या हाताची, डिझेलवर चालणारी, चंदेरी रंगाची. ऑइल मी स्वतः उभा राहून बदलून घेतो, टायरमधली हवा दर सोमवारी बघतो. बायको म्हणते, एवढं माझ्याकडं बघितलं असतं तर! बघतो ते हौस म्हणून खरंच, पण आता नुसती हौस राहिलेली नाही. आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला अंबाजोगाईला न्यावं लागतं. एस.टी.च्या गर्दीत ती उभी राहू शकत नाही. त्यामुळं मी घरात आणि भावकीत एकदाच सांगून टाकलं होतं: गाडी कुणाला मिळणार नाही. लग्नाला नाही, सभेला नाही, दवाखान्याला लागली तर मी स्वतः घेऊन येईन.

आणि मी दुकानात असताना मामा घरी आले. आईचे धाकटे भाऊ, युसूफ वडगाव या गावचे. दुसऱ्या दिवशी त्यांच्या पोराचं लग्न. आमच्याकडं लग्नाआधी नवरदेवाला वाजतगाजत मारुतीला नेतात, त्याला परण्या म्हणतात. पूर्वी घोडा असायचा, आता गाडी लागते. ठरवलेली गाडी ऐनवेळी दुसऱ्याच्या लग्नाला गेली होती. आईनं खिळ्यावरची चावी काढून भावाच्या हातात दिली.

संध्याकाळी मी घर डोक्यावर घेतलं. आई शांतपणे म्हणाली, "मला तर उनाचं जाता येणार न्हाई. गाडी तरी जाऊ दे माझ्या माहेरी."

"आई, परवा सकाळी आपल्याला जायचंय."

"उद्या सांजच्याला आणून लावतो म्हणलाय त्यो. आन् आजवर म्याच त्याच्या दारात मागाया गेलते. पयल्यांदा त्यो माझ्या दारात आला. न्हाई कसं म्हणू?"

राग गेला नव्हता, तो घेऊनच दुसऱ्या दिवशी मी शेजाऱ्याच्या मोटारसायकलवर लग्नाला गेलो.

वेशीतच परण्या दिसला. पुढं डीजे, त्याच्यामागं नाचणारी गर्दी आणि गर्दीच्या मागं माझी गाडी. बॉनेटवर फुलांची चादर चिकटपट्टीनं डकवलेली, तिच्यावर मामाचे दोन पुतणे बसलेले. आत एसी लावून नवरदेव, हातात लिंबू टोचलेली कट्यार. आणि गाडी अर्ध्या क्लचवर इंचाइंचानं सरकत होती. थोडी पुढं, थांब, थोडी पुढं. चालवणाऱ्याचा पाय क्लचवरून निघतच नव्हता. घाईत आलेल्या माणसालासुद्धा जळका वास आला असता, पण सगळे फटाक्यांच्या धुरात होते. मी काचेवर थापा मारल्या.

"पाय काढ! न्यूट्रल कर आणि थांब, क्लच जळतोय!"

तो माणूस मामाच्या शेजारचा. काच खाली करून ओरडला, "कावून वरडाया लागला बे? परण्या हाय, मधी थांबत न्हाईत!"

मी मामांना गाठलं. त्यांनी माझ्या कपाळाला गुलाल लावला आणि म्हणाले, "आरं भाच्या, गाडीच तर हाय! तुझ्यापरीस तुझी आई मोठ्या मनाची."

मारुतीच्या देवळापर्यंत जेमतेम पाच मिनिटांची वाट. तिथं पोचेस्तोवर दोन तास गेले. मला तिथंच चावी ओढून घ्यायची होती. पण चार पाहुण्यांत आईच्या माहेरचा तमाशा करणार कसा? मी न जेवता परत आलो.

गाडी सांजच्याला आली नाही. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर आली, आम्ही निघायच्या तोंडावर. आणणारा चावी देऊन मागं न बघता गेला. आत अत्तर, शिळी फुलं आणि त्याखाली तो वास. क्लच संपत आलाय हे मला कळलं होतं. पण आईचा नंबर सकाळचा, पाय सुजलेले, ऐनवेळी दुसरी गाडी मिळाली नाही. म्हटलं, हळू नेऊ.

निम्म्या वाटेत इंजिन नुसतं ओरडायला लागलं आणि गाडी जागेवर. ॲक्सिलरेटर दाबावा तेवढा आवाज वाढायचा, चाकाला काही पोचायचं नाही. मी आईला कडुलिंबाच्या सावलीत दगडावर बसवलं. भाऊ, दादा, साहेब अशी पुढाऱ्यांची नावं काचेवर मिरवणाऱ्या पांढऱ्या मोठमोठ्या गाड्या हॉर्न मारत गेल्या, एकही थांबली नाही. शेवटी खचाखच भरलेली एक जीप थांबली. पुढच्या सीटवरचे दोघं मागं लटकले आणि आईला जागा झाली.

पोचलो तेव्हा तिचा नंबर गेला होता. दुपार कलल्यावर मशीन मोकळं झालं. तोवर ती बाकावर बसून तोंडानं श्वास घेत होती. मला मामांना फोन करून शिव्या द्यायच्या होत्या. तिनं माझा हात धरून ठेवला.

सुई टोचून मशीन सुरू झाल्यावर मामांचाच फोन आला, तिच्या मोबाइलवर. नाव बघून तिचा चेहरा खुलला. मी फोन तिच्या कानाजवळ धरला. मला सगळं ऐकू येत होतं.

"आक्का, नवरदेवाची कट्यार गाडीतच ऱ्हायली का बग बरं. मागून आणल्याली हाय, त्ये लोक दारात बसल्यात."

"बगाया लावते," ती म्हणाली. तिकडून फोन ठेवला गेला.

मी परत वाटेवर गेलो, मेकॅनिकला घेऊन. कट्यार मागच्या सीटखाली होती, सीटचं कापड हातभर फाडून. टोकाचं लिंबू तसंच होतं. गाडी ओढून नेऊन गॅरेजला लावली आणि संध्याकाळी आईकडं आलो.

"घावली का?"

"घावली."

"मग तूच जाऊन दिऊन ये. भांडू नगंस." ती उठून बसली, पदर सारखा केला. "आन् सांग त्याला, म्या बरी हाय म्हणून."

"सांगतो," मी म्हणालो. "कुणी विचारलं तर."