धूर आला म्हणून पाणी ओतलं

त्या दिवशी सकाळी साडेदहाला ताईने थर्मोकोलचा डबा भावाच्या व्हॅनमध्ये ठेवला आणि म्हणाली, "नीट ऐक. झाकण उघडायचं नाही. धूर निघेल, निघू दे. कोरड्या बर्फाचा असतो तो."

"हो गं," भाऊ म्हणाला. म्हणाला खरा, पण कान मोबाईलला लावलेले. हा भाऊ म्हणजे हे टाईप करणारं येडंच. पण मी मी करायला गेलं की पुढचं दिसत नाही, म्हणून भाऊच म्हणायचं.

ताईच्या तोंडावर घाम होता. "असं काय झालंय तोंड?" त्याने विचारलं.

"पित्त उठलंय. जा तू."

"या डब्यातलं तुमचं ते प्रथिन घे थोडं, बरं वाटेल," असं म्हणून हा खदाखदा हसला आणि गाडी काढली.

ताई त्या प्रयोगशाळेत एकोणीस वर्षं होती. दहावी नापास. लागली ती काचेच्या बाटल्या धुवायला. तिच्या हातून थेंब सांडत नाही हे तिथल्या मॅडमनी बघितलं आणि तिला नळ्या भरायला बसवली. करंगळीच्या पेराएवढ्या नळ्या. त्यात ते प्रथिन. बनतं माणसाच्या अंगात, पण तिथे ते बनवायची कृती माणसाकडून उचलून जंतूंच्या पोटात घालतात आणि जंतू बिचारे फुकट राबतात. ताईने भावाला हे पन्नासदा सांगितलं असेल.

"ताप आला, ऊन लागलं, की पेशीतली बाकीची प्रथिनं वेडीवाकडी होतात. हे जाऊन त्यांना सावरतं."

"म्हणजे दुसऱ्याचा पसारा आवरणार. म्हणजे तू."

"आणि पसारा तू."

"बरं, उन्हातानात कामाला येणारं ना ते? मग त्याला बर्फात कशाला कोंबता?"

"पेशीत आहे तोवर दांडगं. बाहेर काढलं की नाजूक. एकदा वितळून परत गोठलं तर कामातून जातं."

एकदा हा म्हणाला, "मला पण आण की एक नळी. टेन्शन तरी जाईल." तिने नळीवर चिकटवायची चिठ्ठी दाखवली. त्यावर लिहिलेलं, फक्त संशोधनासाठी, माणसांसाठी नाही. "मग दाजींना दे," हा म्हणाला. दाजी समोरच बसले होते.

ताईला एकाच गोष्टीचा गर्व होता. एकोणीस वर्षांत तिने भरलेला एकही डबा वाटेत वितळून वाया गेला नव्हता.

आणि त्या दिवशी नेहमीचा ड्रायव्हर सुट्टीवर, म्हणून डबा आला या शहाण्याच्या हातात. हा सोफे आणि कपाटं वाहणारा. दुसऱ्या शहरातल्या संशोधन संस्थेपर्यंत चार तासांचा रस्ता होता. दोन तास झाले आणि आरशात बघतो तर मागे पांढरा धूर. याला वाटलं पेटलं. गाडी बाजूला घेतली, मागे पळाला, टेप फाडून झाकण काढलं आणि पाण्याची लिटरची अख्खी बाटली डब्यात उलटी केली.

मग जो धूर झाला! गुडघे दिसेनात. सायकलवरून जाणारा एक बाबा थांबून म्हणाला, "नाटकवाल्यांची गाडी का?" तेव्हा कुठे याला ताईचं सकाळचं बोलणं आठवलं. अक्कल वाटत होते तेव्हा हा बहुतेक सोफा उचलत होता.

झाकण लावतोय तोच दाजींचा फोन. ताई कामावरच कोसळली, दवाखान्यात आणलंय, हार्टचं आहे. मग ताईच बोलायला लागली. आवाज बारीक.

"डबा?"

"ठणठणीत आहे."

"उघडला नाहीस ना?"

"छे!"

"मग पोचव."

"मी वळतो, ताई."

"वळलास तर तोंड बघणार नाही तुझं. पोचव, मग ये."

आयुष्यात कधी तिचं ऐकलं नाही, आणि ऐकलं ते नेमकं त्या दिवशी.

पाण्याने डब्यातला निम्मा बर्फ उडाला होता. पुढच्या गावात आइस्क्रीमचं गोदाम सापडलं. मालक म्हणाला, "कोरडा बर्फ कशाला पाहिजे?"

"बहिणीचं प्रथिन आहे."

"कसलं?"

"माणसाचं."

मालक दोन पावलं मागे सरकला. पण देवमाणूस, बर्फ दिला त्याने. डबा गच्च भरून हा निघाला.

तिकडे संस्थेत एका मॅडमनी हातमोजे घालून डबा उघडला. "नळ्या गोठलेल्या आहेत. पण वाटेत वितळल्या नव्हत्या ना? परत गोठल्या की नुसतं बघून कळत नाही. डबा उघडला होता का?"

"नाही," भाऊ म्हणाला. एका दिवसात दोनदा तेच खोटं, दोन्ही वेळा बाईमाणसाशी.

परत येताना ऊन उतरलं तेव्हा दाजींचा फोन आला. "गेली रे ती," दाजी म्हणाले.

घरी माणसं येऊन बसायची आणि जो तो म्हणायचा, तिचा एक डबा कधी वाया गेला नाही हो. भाऊ मान हलवायचा. शेवटचा डबा आपणच बुडवला आणि मरणाऱ्या माणसाला थाप मारली, हे कुणाला सांगणार? पंधरा दिवस काढले. मग संस्थेत फोन लावला.

"मॅडम, मी खोटं बोललो. डबा उघडला होता. वरून पाणी ओतलं."

"पाणी?" मॅडमनी विचारलं. मग म्हणाल्या, "उघडलाय हे माहीत होतं. तुम्ही पोचायच्या आधीच तुमच्या बहिणीचा फोन आलेला. म्हणाल्या, भाऊ छे म्हणालाय, म्हणजे उघडलाय. आधी एक नळी तपासा, मगच बाकीच्या वापरा."

"मग मला विचारलंत कशाला?"

"विचारावं लागतं. नियम आहे."

भावाला पुढचं विचारवेना. शेवटी विचारलं, "आणि नळी?"

"चांगली निघाली. पाणी तिथल्या तिथे गोठलं असणार, आत काही गेलं नाही. सगळ्या वापरल्या आम्ही."

फोन ठेवला आणि भाऊ मोरीत जाऊन नळ मोठा सोडून बसला. बायकोने बाहेरून तीनदा विचारलं. मग बाहेर येऊन त्याने दाजींना फोन केला आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं.

"माहितीये," दाजी म्हणाले. "माझ्याच फोनवरून केला होता तिने."

"मग पंधरा दिवस बोलला का नाहीत?"

"म्हटलं बघू तू कधी तोंड उघडतोस. नळीचं काय झालं ते सांग."

"चांगली निघाली."

दाजी म्हणाले, "उद्या दुपारी गाडी घेऊन ये. तिचं कपाट हलवायचंय, मला एकट्याला उचलवत नाही."