मुंग्यांनी जेल का खाल्लं नाही

"तुम्ही सरळ स्प्रे मारा. आम्ही दोन तास बाहेर जाऊन बसतो," महेश सर म्हणाले. ते ज्युनिअर कॉलेजात शिकवतात. आवाज चढवणाऱ्यांतले नाहीत, पण त्या दिवशी चढला होता. कडेवर अडीच महिन्यांचा मुलगा. त्याच्या मानेवर आणि कानामागं लाल मुंग्यांचे चावे उठले होते.

"सर, फवारलेलं औषध फरशीवर, भिंतीवर राहतं. लेकरू याच खोलीत झोपणार. मी नाही मारणार."

"मग तुमच्या जेलनं काय दिवे लावले? दोनदा लावून गेलात."

मी खिशातली बॅटरी काढली.

मी नांदेडात पेस्ट कंट्रोलच्या एजन्सीत सुपरवायझर आहे. उन्हाळा म्हणजे आमचा सीझन. जमीन तापली की मुंगी गारव्याला आणि ओलीला घरात घुसते. कूलरखाली सांडलेलं पाणी, मोरी, माठाची तिवई, सगळीकडे तिची रांग. लोकांना वाटतं, दिसली मुंगी की मार फवारा. त्यानं समोरच्या मरतात, वारुळातल्या मजेत राहतात आणि चार दिवसांनी दुसऱ्या फटीतून येतात. म्हणून आम्ही जेल लावतो. गोड असतं, त्यात सावकाश काम करणारं औषध असतं. मुंगी ते पोटात घेऊन वारुळात जाते, बाकीच्यांना भरवते, राणीपर्यंत पोचवते. आठवड्यात वारूळ संपतं. लेकराचा हात पोचणार नाही अशा फटीत राईएवढे ठिपके दिले की झालं.

इथं मात्र काहीच होत नव्हतं. मी बॅटरी मारून पाहिलं तर ठिपके जसेच्या तसे. मुंग्यांची रांग त्यांच्या शेजारून जात होती. एकीनंही तोंड लावलं नव्हतं.

सरांची बायको रेणुका दारात उभी होती. हदगावची, बाळंतपण करून माहेराहून नुकतीच परतलेली. ती शांतपणे म्हणाली, "आणखी एक चावा दिसला की मी लेकराला घेऊन हदगावला चालले. मग तुमचं चालू द्या निवांत."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. जणू सासुरवास मीच करत होतो.

निदान लेकरू तरी वाचवावं म्हणून मी झोळीकडे वळलो. पलंगाच्या पायांखाली त्यांनी पाण्याच्या वाट्या ठेवल्या होत्या. शहाणपणाचं काम. पण लेकरू दिवसभर साडीच्या झोळीत, आणि झोळी छताच्या कडीला. मुंग्या भिंतीवरून छतावर आणि तिथून दोरीवरून खाली उतरत होत्या. दोरीला वर कडीपाशी कापडाची पट्टी गुंडाळून तिला व्हॅसलीन थापलं. त्यावरून मुंगीला चालता येत नाही. पण हा नुसता बांध होता, मूळ तसंच होतं.

ऑफिसात मॅनेजर साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मारून टाक ना स्प्रे. लिहून घे त्यांच्याकडून."

"लिहून घेतल्यानं औषधाचं विष उतरतं का साहेब?"

"मग कंप्लेंट क्लोज कर. कशी करायची ते तू बघ."

चिडलो होतो. दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत, सकाळीच गेलो. मुंगी जेल खात नाही याचा अर्थ तिचं पोट भरलेलं आहे, एवढं तरी कळत होतं. कुठं भरतं ते पाहायचं होतं. न्हाणीच्या खिडकीतून रांग धरली आणि मागच्या दारी गेलो. भिंतीला लागून बेलाचं झाड. बुंध्याशी पांढरी भुकटी आणि तिच्यावर मुंग्यांचा नुसता लाल थर. चिमूट उचलून पाहिली. कणिक आणि साखर.

शेजारी सरांची आई उभी होती. त्या उदगीरकडच्या, घरात सगळे त्यांना अव्वा म्हणतात. कपाळावर भस्माचे पट्टे, हातात रिकामी वाटी. आम्ही आलो की त्या देवघराचं दार लावून घेत, म्हणून आजवर बोलणं झालं नव्हतं.

"अव्वा, रोज घालता?"

"हाव. नवस हाय माझा."

"कसला?"

"सुनंला दोनदा दिवस गेले, दोनदा टिकलं न्हाई. तिसऱ्यांदा बोलले देवाला. लेकरू सुखरूप येऊ दे, त्याला पाय फुटस्तोवर मुंग्यांना खाऊ घालते."

लपवून भागणार नव्हतं. "अव्वा, ह्याच मुंग्या न्हाणीतून आत जाऊन राहिल्यात. त्याच चावतात नातवाला. आणि साखर मिळते म्हणून आमचं औषध खात न्हाईत."

अव्वा तिथंच ओट्यावर बसल्या. "माझ्याच साखरेच्या?" एवढंच म्हणाल्या. मला फार वाईट वाटलं. माझं काम मुंग्या मारायचं, म्हाताऱ्या माणसाला असं सांगायचं नव्हे.

रेणुका मागं दारात येऊन थांबली होती. आता भांडण होतंय असं मला वाटलं. ती म्हणाली, "अव्वा, मला का न्हाई सांगितलं?"

"तोंडानं बोलायची भीती वाटली, माय."

रेणुका त्यांच्या शेजारी बसली. मी उगाच जेल लावायची गन पुसत राहिलो.

थोड्या वेळानं मी म्हणालो, "अव्वा, नवसात पत्ता सांगितला होता का? रस्त्यापलीकडच्या मोकळ्या प्लॉटात घाला. तिथंही मुंग्याच हायत."

"अन् ह्या?"

"ह्या मरतील." खोटं कशाला बोलायचं?

अव्वांनी वाटी खाली ठेवून बेलाला हात जोडले. मग स्वतः उठून बुंधा झाडला, पाणी ओतलं. "लावा तुमचं औषध," म्हणाल्या आणि देवघरात गेल्या. या वेळी दार उघडंच ठेवलं.

दुपारपर्यंत ठिपक्यांवर मुंग्यांची गर्दी झाली. आठवड्यानं गेलो तेव्हा घरात एक मुंगी नव्हती आणि लेकराची मान स्वच्छ होती. सर चहा घ्या म्हणाले. अव्वा आणि रेणुका मात्र घरात नव्हत्या. लेकराला घेऊन प्लॉटवर गेल्या होत्या, वाटी घेऊन. साहेबांनी विचारलं, "काय केलंस?" म्हटलं, "काही नाही, मागचं दार झाडलं."

आता मी कुठल्याही घरात गन उघडण्याआधी विचारतो, "मुंग्यांना कुणी खाऊ घालतं का?" बरेच जण हसतात. एखादी म्हातारी हसत नाही. मग मी आधी तिच्याशी बोलतो.