कामतीच्या पुढं न जाणारी गाडी

“बागवान! ही गाडी हाय का रुसलेली नवरी? कामतीच्या पुढं पाऊल टाकायला तयार न्हाय!”

गुरुजींचा आवाज आमच्या सर्व्हिस सेंटरच्या काचेतून आत आला आणि वॉशिंगचा पंप त्यात बुडून गेला. रिसेप्शनवरची मुलगी उभी राहिली. चहा पीत बसलेले दोन कस्टमर उभे राहिले, ज्यांचा या भानगडीशी काडीचा संबंध नव्हता. गुरुजींनी सगळा जन्म मंगळवेढ्याच्या शाळेत काढलाय. त्यांनी आवाज चढवला की माणूस आपोआप उभा राहतो. मी तर छडीसाठी हात पुढं करायच्या बेतात होतो.

“तिसऱ्यांदा, बागवान! माझी बायको बाभळीखाली दीड तास बसली काल. अंगात हुडहुडी, वर ऊन, आणि समोरून ट्रक चाललेत. गाडी काय म्हणती? ‘सुरक्षित जागी थांबवा.’ अहो, कुठली सुरक्षित जागा हाय तिथं?”

मी डायग्नोस्टिक टेक्निशियन. म्हणजे गाडीला काय झालंय ते हुडकून काढणारा, उघडणारे-जोडणारे वेगळे. बोनेटवर कान टेकला की इंजिन माझ्याशी बोलतं, असं सोलापुरात म्हणतात. एकदा विजापूर रोडवरून गेलेल्या गाडीचं बेअरिंग मी होटगी रोडवर बसून ओळखलं, असंही म्हणतात. अशा गोष्टी लोक उगाच पसरवत नाहीत. त्यातल्या निम्म्या मीच पसरवल्यात.

गाडी हायब्रीड. पुण्याच्या मुलानं आई-वडिलांना घेऊन दिलेली. हायब्रीड म्हणजे एकाच गाडीत पेट्रोलचं इंजिन आणि विजेची मोटार, दोघं आलटून पालटून ओढतात. मोटारीसाठी एक मोठी बॅटरी असते, ती मागच्या सीटखाली. ही बॅटरी माणसासारखीच आहे. फार तापली की काम करेनाशी होते, आणि त्याहून तापली की गाडी हात वर करते. म्हणून तिला थंड ठेवायला एक पंखा असतो.

पहिल्यांदा गाडी आली तेव्हा मी स्कॅनर लावला. स्कॅनर म्हणजे गाडीच्या मेंदूतली नोंद वाचायचं यंत्र. नोंद होती: बॅटरी गरम. मी सॉफ्टवेअर अपडेट केलं, नोंद पुसली, गाडी दिली. आठ दिवसांत परत. मग पंखा उघडून तपासला. गरगर फिरत होता. हवेची फिल्टर-जाळी काढली. थोडे तांबडे दोरे निघाले. सोलापुरात दोरे कुठं निघत नाहीत? आमच्याकडं भातातही निघतात. जाळी साफ केली. मग मी आणि आमचे सर्व्हिस मॅनेजर क्षीरसागर साहेब, दोघं टेस्ट ड्राइव्हला निघालो. मंगळवेढ्याच्या रस्त्यानं तिऱ्हे, कामती, बेगमपूरचा पूल ओलांडून परत. साहेबांचं वजन धरलं तर गाडीत चार माणसं होती. गाडी लोण्यावरून चालावी तशी चालली.

आणि आता तिसऱ्यांदा.

क्षीरसागर साहेब केबिनमधून बाहेर आले. “गुरुजी, आता बॅटरीच बदलू. कंपनीला मेल टाकतो. तीन आठवड्यांत येईल. तोवर गाडी इथंच राहू द्या.”

मला वाटलं आता काच फुटणार. पण गुरुजी खुर्चीवर बसले. त्यांचा आवाज एकदम खाली आला, आणि मला खरी भीती तेव्हा वाटली.

“तीन आठवडे म्हणजे सहा वेळा,” ते म्हणाले. “आठवड्यातनं दोनदा डायलिसिस असतं तिचं, हितं सोलापुरात. काल घरी गेल्यावर म्हणाली, मला आता न्यायचं न्हाय. रस्त्याकडंला मरण्यापेक्षा घरी मरते. परवाचा वार हाय, बागवान. ती उठणार न्हाय.”

“दुसरी गाडी करून द्या की साहेब,” मी म्हणालो.

“गाडी करायला मी काय कमी केलं का?” गुरुजीच म्हणाले. “तिचा गाडीवरचा विश्वासच उडाला. कुठल्याच.”

मी तिथल्या तिथं सांगून टाकलं, “परवा मी स्वतः तुमच्याबरोबर येतो. घरापासून घरापर्यंत. गाडी मला फसवून दाखवूच दे.” असली वाक्यं माझ्या तोंडून आपोआप निघतात. क्षीरसागर साहेबांनी माझ्याकडं असं पाहिलं की माझी वर्कशॉपची टोपी आपोआप निघाली.

गुरुजींनी घरी फोन लावून माझ्या हातात दिला.

“मावशी, मी बागवान. शोरूममधून. परवा मी गाडीत बसतो. बंद पडली तर तुम्हाला खांद्यावर घालून मंगळवेढ्याला आणतो, शब्द देतो.”

पलीकडून प्रश्न आला, “तुमचं वय काय?”

“सत्तावन्न.”

“मग तुमाला कोण आणायचं?” मावशी म्हणाल्या. पण नाही म्हणाल्या नाहीत.

परवा सकाळी पहिल्या एसटीनं मी मंगळवेढ्यात. दारात गाडी उभी होती, इतकी स्वच्छ की तिच्यात बघून मी भांग पाडला. मावशी पुढच्या सीटवर बसल्या, काटकुळ्या, ताठ. मी मागं. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला डबी जोडली, की बॅटरीचं तापमान माझ्या हातातल्या टॅबवर दिसतं. एसी चालू. बत्तीस, तेहतीस, बत्तीस. सोलापूर येईपर्यंत बॅटरी झोपली होती म्हणा ना. मावशींनी एकदाही मागं वळून पाहिलं नाही. फक्त कामती आली तेव्हा दाराची मूठ धरली. गाव गेलं, मूठ सोडली.

डायलिसिसला चार तास लागतात. मी आणि गुरुजी बाहेरच्या बाकावर. मी टॅबवर उतरवून ठेवलेल्या मागच्या तीन वेळच्या नोंदी परत उघडल्या. गाडी थांबते त्या क्षणाचा एक फोटो तिच्या मेंदूत राहतो. फोटो म्हणजे चित्र नव्हे, आकडे. वेग किती, बॅटरी किती गरम, पंखा किती जोरात. तिन्ही वेळा पंखा पूर्ण ताकदीनं चालू होता. तरी बॅटरी तापत होती. आणि तिन्ही वेळा एसी बंद.

“गुरुजी, येताना एसी बंद असतो?”

“डायलिसिस झालं की थंडी वाजती तिला. काचापण वर.”

“आणि बंद पडते ती कायम परतताना?”

“कायम.”

मला वाटलं सापडलं. आतली हवा तापते, तीच बॅटरीला मिळते. पण मग कुणाच्याही गाडीत उन्हाळ्यात एसी बंद केला की हेच व्हायला हवं. काहीतरी राहत होतं.

मावशी बाहेर आल्या. सकाळची ताठ बाई आता अर्धी झाली होती. गुरुजींनी डिकी उघडली आणि आतून एक चादर काढली. आपली सोलापुरी, जाड, तांबड्या काठाची. झटकली. मागच्या सीटवर अंथरली. एक सुरकुती ठेवली नाही. दोन्ही टोकं सीटच्या फटीत, दाराच्या बाजूला, नीट खोचली. परीक्षेला साहेब येणार असल्यासारखी. वर उशी ठेवली. मावशींना हात धरून आडवं केलं आणि उरलेली अर्धी चादर त्यांच्या अंगावर घेतली. मी ते सगळं बघत होतो आणि मला त्यात फक्त एक नवरा दिसत होता. टेक्निशियनला जे दिसायला हवं होतं ते दिसलं नाही.

मी पुढं बसलो. तिऱ्हे गेलं. अडतीस. एक्केचाळीस. आत अशी भट्टी की माझ्या मिशीतून पाणी गळत होतं. चव्वेचाळीस. ट्रकांचा आवाज, रस्त्याचा आवाज, वर गुरुजी मला भीमेच्या पाण्याचा भूगोल सांगतायत. सत्तेचाळीस. पंखा फुल.

“गुरुजी, बाजूला घ्या.”

“अजून बंद पडली न्हाय की!”

“पडायच्या आधी घ्या.”

कामतीच्या अलीकडं, बाभळीजवळच थांबलो. मी उतरून मागचं दार उघडलं. मावशी डोळे मिटून होत्या. त्यांच्या उशीपासून वीतभर खाली, सीटच्या कडेला, एक जाळी असते. पंजाएवढी. बॅटरीचा पंखा तिथूनच हवा ओढतो. बॅटरीचं नाक म्हणा. ते नाक दिसतच नव्हतं. त्यावर चादर होती, आणि पंख्यानं ती आत अशी ओढून धरली होती की तांबड्या काठावर जाळीचे चौकोन उमटले होते.

मी बोटानं चादर सोडवली. पंख्यानं केवढा तरी श्वास घेतला. टॅबवर आकडा थबकला, आणि दोन-तीन मिनिटांत खाली यायला लागला.

गुरुजी माझ्या मागं येऊन उभे होते.

“पण तुमच्याकडं दिली तेव्हा तुमाला कशी दिसली न्हाय?”

“तेव्हा चादर कुठं होती?”

“घरी. अहो, तपासायला द्यायची म्हणजे गाडी धुऊन, पुसून, मोकळी करून देतो मी. डॉक्टरकडं जाताना आपण आंघोळ करून जातोच की.”

म्हणजे रोग घरी ठेवून रोगी आमच्याकडं. आणि रस्त्यात बंद पडली की मावशी चादर गुंडाळून बाभळीखाली बसायच्या. म्हणजे नाक मोकळं. तासा-दीड तासात बॅटरी निवायची, गाडी सुरू व्हायची. घाबरलेल्या मावशी मग पुढं बसून घरी जायच्या. आम्ही नवी बॅटरी टाकली असती तर तीही कामतीलाच थांबली असती.

“म्हणजे मीच,” गुरुजी म्हणाले. “मीच खोचत होतो.”

एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस एवढं हळू बोलला. मी म्हणालो, “गुरुजी, गाडीच्या पुस्तकात लिहिलंय, जाळी झाकू नका. मुंगीच्या अक्षरात, कितव्या तरी पानावर. ते पान मीच धड वाचलेलं नाही.” हे खोटं होतं. मी वाचलं होतं. जाळी हातात घेऊन दोरे उपटले होते, आणि हे तांबडे दोरे आले कुठून, हा प्रश्न मला पडला नव्हता.

त्या दिवशी गाडी कामती ओलांडून गेली. मावशी आडव्या, चादर अंगावर, पण टोक मोकळं. पुढचा वार चुकला नाही. गुरुजींनी शिंप्याकडून चादरीला जाळीच्या जागी खिडकी पाडून घेतली, कडेला शिवण घालून. क्षीरसागर साहेबांनी बॅटरीची मेल मागं घेतली. जॉब कार्डवर, म्हणजे आमच्या कामाच्या कागदावर, ‘बदललेला पार्ट’ या रकान्यात काय लिहायचं यावर ते अर्धा तास बसले. शेवटी रेघ मारली. त्या कागदावर मी हल्ली पेनानं एक प्रश्न वाढवतो: गाडीत मागं कोण बसतं? साहेब चिडतात. मी वाढवतो.

दोन महिन्यांनी गाडी सर्व्हिसिंगला आली. गुरुजी कॅश काउंटरला गेले होते, मावशी रिसेप्शनवर बसल्या होत्या. मी तिथल्या चार कस्टमरांना हीच गोष्ट सांगत होतो. तोवर ती जरा वाढली होती. तीत मी कामतीला चालत्या गाडीत, शंभरच्या वेगात, पुढच्या सीटवरून नुसत्या कानानं पंख्याचा गुदमरलेला आवाज ओळखत होतो.

मावशींनी सगळं ऐकून घेतलं.

“तो आवाज व्हय,” त्या म्हणाल्या. “दर वेळी यायचा की. उशीच्या खालनं. आधी गुणगुण, मग मिक्सरवाणी. तिऱ्हं गेलं की चालू. मग लई वाढला की गाडी थांबायची.”

मी गोष्ट अर्धवट सोडून त्यांच्याकडं वळलो. “मावशी! मग पहिल्यांदाच सांगितलं का नाही?”

त्यांनी पदर सारखा केला.

“मला कुणी इचारलंच न्हाय.”