खिडकीवरची ताई

त्या दिवशी ताई दुकानातून आली ती उंबऱ्याशीच बसली. धाकटी, म्हणजे तिची पाठची बहीण, भांडी घासत होती.

“काय गं, हाकललं की काय?” धाकटीनं थट्टेत विचारलं.

“तसंच समज. सोमवारपासून मागे गोदामात. खोकी लावायची. खिडकीवर नवी पोरगी येणार.”

“बरंच झालं. बोलून बोलून घसा बसतो तुझा.”

“खोकी बोलणारेत का माझ्याशी?”

आधी ताईचं स्वतःचं दुकान होतं. औषधाचं शिकलेल्यालाच औषधाचं दुकान काढता येईल, असा नियमच होता तेव्हा. ताईनं लग्नबिग्न बाजूला ठेवून ते शिक्षण घेतलं आणि दुकान उभं केलं. धाकटी झाडलोट करायची, फळ्या पुसायची. मग नियम बदलला. पैसेवाल्या कुणीही दुकान काढावं, शिकलेला माणूस पगारावर ठेवावा. समोरच कंपनीचं दुकान आलं. गार हवा, काचेचं दार, औषधं स्वस्त, रविवारीसुद्धा उघडं. गिऱ्हाईक तिकडे वळलं. लोकांचं तरी काय चुकलं? शेवटी ताईनं दुकान विकलं आणि त्यांच्याच खिडकीवर पगारी बसली.

ताईला एक खोड होती. औषध लगेच हातात द्यायची नाही. पाकीट धरून ठेवायची आणि विचारायची, “आता मी काय सांगितलं?” माणसानं नीट सांगितलं की मग पाकीट सुटायचं. तिच्या दुकानात लोक हसायचे, “चला, परीक्षा सुरू झाली.” कंपनीत मात्र रांग खोळंबायची. मॅनेजर पोरगा तसा बरा होता, मॅडम मॅडम करायचा, पण वरून त्याला बोलणी बसायची. त्या दिवशी शिंपीकाका आले, कानानं जरा कमी. सारखे चुकत होते, ताई काही पाकीट सोडेना. मागचा माणूस चिडून निघून गेला. मग मॅनेजरनं गोदामाचं काढलं.

“गप देऊन टाकायचं होतंस ना,” धाकटी म्हणाली.

“आणि सगळ्या गोळ्या एकदम घेतल्या असत्या म्हणजे?”

ताई जेवली नाही. छातीत भरून आलंय म्हणाली, पाठीला उशी मागितली. धाकटी उशी घेऊन आली तोवर मान कलली होती. शेजाऱ्यांनी गाडी काढली, दवाखान्यात नेलं, पण काही उरलं नव्हतं. सोमवार काही तिला बघावा लागला नाही.

पुढे धाकटीच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या संपल्या. त्या दुकानात पाऊल टाकवत नव्हतं, पण गोळ्या काय थांबतात? खिडकीवर नवी पोरगी होती. धाकटीच्या पुढे शिंपीकाका. पोरीनं भराभर सांगितलं, पाकीट दिलं, “पुढचे या.”

काका हलेनात. पाकीट परत खिडकीत ठेवलं.

“काय झालं काका?”

“विचार की.”

“काय विचारू?”

“तू काय सांगितलंस ते.” मग आपणच सुरू झाले. “पांढरी सकाळी. पिवळी रात्री, दोन.”

“दोन नाही हो, एकच.” पोरीनं पाकीट जवळ ओढलं. “परत सांगा.”

रांगेत कुणीतरी चुकचुकलं. काकांनी परत सांगितलं. बरोबर आलं, तेव्हा पाकीट मिळालं.

मग धाकटीचा नंबर. पोरीनं गोळ्या काढल्या, कधी घ्यायच्या ते सांगितलं, आणि पाकीट हातातच धरून तिच्याकडे बघत राहिली.

“सकाळी एक,” धाकटी म्हणाली. “खाऊन झाल्यावर.”