खंडेनवमीला बदललेला क्रँक सेन्सर

सेल्फ फिरत होता, पण गाडी सुरू होत नव्हती. मिलिंद कांबळे चावी फिरवून फिरवून वैतागला होता आणि मी त्याच्या गेटपाशी दोन्ही हात पाठीमागं बांधून उभा होतो. हात पाठीमागं, कारण त्या दिवशी खंडेनवमी होती.

मी नांदेडच्या एका वर्कशॉपमध्ये सुपरवायझर आहे, राहायला विष्णुपुरीत. खंडेनवमीला आमच्या घरी हत्यारांची पूजा असते. पाने, पकडी, हातोड्या, सगळं धुऊनपुसून पाटावर मांडायचं, हळदीकुंकू लावायचं आणि दसऱ्याच्या सकाळपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. वडिलांपासूनचा हा नियम आई डोळ्यांत तेल घालून पाळायला लावते. त्या वर्षी मी हौसेनं घरचा स्कॅनरही पाटावर ठेवला होता. स्कॅनर म्हणजे गाडीला जोडला की तिचं दुखणं स्क्रीनवर सांगणारं यंत्र. त्याच्याही डोक्यावर झेंडू होता.

मिलिंद माझा शेजारी. त्याची बायको वंदनाताई सरकारी दवाखान्यात ऑपरेशन थिएटरला सिस्टर. हे बौद्ध कुटुंब. दसऱ्याला त्यांना नागपूरला दीक्षाभूमीवर जायचं होतं. मिलिंदची आई गयाबाई त्यासाठीच मुरुडहून आल्या होत्या. लग्न झाल्यापासून त्यांचं नागपूर कधी चुकलं नव्हतं. वस्तीतल्या बायांबरोबर रेल्वेनं जायच्या, जागा मिळाली नाही तर उभ्यानं जायच्या. आता गुडघे गेले होते. गर्दीच्या डब्यात चढणं होत नाही म्हणून तर मिलिंदनं ही जुनी गाडी घेतली होती. गयाबाई पांढरी साडी नेसून, पिशवी मांडीवर घेऊन ओट्यावरच्या खुर्चीत तयार बसल्या होत्या.

"काल काय केलं गाडीला?" मी विचारलं.

"काय न्हाई भाऊ. धुतली फक्त."

"इंजिन?"

"ते बी. प्रेशरनं. लई धूळ होती. येताना वाटेत एकदा बंद पडली, पण झाली परत सुरू."

दसरा आला की आपल्याकडं माणसं गाडीला लग्नातल्या नवरीसारखी न्हाऊ घालतात. ह्यात कुठल्याच धर्माचा माणूस मागं नाही. इंजिनवर प्रेशरचं पाणी मारतात, ते वायरींच्या सांध्यांत शिरतं आणि दसरा झाला की आमच्या वर्कशॉपला जत्रा भरते.

"परत सेल्फ मार आणि आरपीएमच्या काट्याकडं बघ."

इंजिन फिरलं. काटा शून्यावरून हललाही नाही. म्हणजे बहुतेक क्रँक सेन्सर. इंजिनचा मुख्य दांडा फिरतोय का आणि किती वेगानं, हे तो गाडीच्या कॉम्प्युटरला सांगतो. त्यानं सांगितलं नाही तर कॉम्प्युटर ठिणगी देत नाही आणि पेट्रोलही सोडत नाही. इंजिन फिरत असतं, कॉम्प्युटरला वाटतं गाडी झोपलेली आहे.

सेन्सरच्या वायरीचा वर आलेला सांधा सोडवून वंदनाताईंनी हेअर ड्रायरनं वाळवून बघितला. उपयोग झाला नाही. सेन्सरच गेला होता.

मी चार मेकॅनिकना फोन लावले. सगळ्यांचे पाने पूजेत. आमच्याकडचे रहीमभाई, ज्यांना आम्ही ह्या दिवशी हक्कानं पुढं करतो, ते नेमके लग्नाला हैदराबादला. मी घराकडं बघितलं. आई दारातच उभी होती.

"मी बघतो काहीतरी," मी म्हणालो, पण आवाजात जोर नव्हता.

वंदनाताईंनी ओढणी कमरेला खोचली. "भाऊ, तुमचा नियम तुम्ही मोडू नका. तुम्ही नुसतं सांगा, मी करते."

मला खरोखर सुटल्यासारखं वाटलं. स्पेअर पार्टवाल्याची पूजा संध्याकाळी होती, त्यामुळं दुकान उघडं होतं. मिलिंद मोटरसायकलवर शहरात सेन्सर आणायला पळाला. राहिला पाना. त्या सेन्सरला एकच बोल्ट असतो, दहा नंबरचा. आणि ज्याच्या घरी इन्व्हर्टर आहे त्याच्या घरी बॅटरीसाठी दहाचा पाना असतोच. कांबळ्यांचा मीटरच्या पेटीवर पडून होता.

आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडायला सांगितली. मग एअर फिल्टरचा डबा. त्याच्या खाली, इंजिन आणि गिअरबॉक्स जुळतात तिथं, सेन्सर दडलेला असतो. तिथं हात जातो, नजर जात नाही. नवीन पोरं इथं टॉर्च, आरसा आणि शिव्या असं सगळं वापरतात. वंदनाताईंनी डोळे मिटले.

"काय करून राहिल्या?" मी विचारलं.

"नस शोधून राहिले."

बोटं हळूहळू खाली गेली, थांबली. "हा का? गोल, बाजूला एक कान हाय?"

तोच होता. ज्या हातांनी म्हाताऱ्या माणसांच्या हरवलेल्या नसा शोधल्या, त्यांना सेन्सर काय जड? मी पंचवीस-तीस पोरांना हे काम शिकवलं असेल, पण इतका शांत हात मला बघायला मिळाला नव्हता. बोल्ट सुटला. सेन्सर डावी-उजवीकडं हलवत त्यांनी अलगद वर काढला आणि स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या ताटात ठेवला. काढलेली प्रत्येक वस्तू त्या ताटात ओळीनं मांडत होत्या. मिलिंद नवीन सेन्सर घेऊन आला.

"बसवा," मी म्हणालो.

त्यांनी नवीन सेन्सर जुन्याशेजारी ठेवला आणि बघत राहिल्या. "भाऊ, ह्याच्या गळ्यात रबरी रिंग हाय. जुन्याच्या गळ्यात न्हाई."

मी वाकून बघितलं. बरोबर होतं. जुनी रिंग भोकातच चिकटून राहिली होती. तिच्यावर नवीन सेन्सर दाबला असता तर तो तिरका बसला असता किंवा तुटला असता, आणि नागपूर राहिलंच असतं. मी घाईत होतो. मी दाबायलाच सांगितलं होतं.

"आमच्याकडं पोट शिवायच्या आधी सगळं मोजतात," त्या म्हणाल्या. "आत गेलेलं बाहेर आलं का, ते बघितल्याशिवाय टाका घालत न्हाईत."

रिंग खोल होती. तिथं बोट पोचेना. तिला लागते बारीक आकडी, आणि माझी आकडी पाटावर झेंडूखाली. मी वळलो. ओट्यावर गयाबाई म्हणत होत्या, "ऱ्हाऊ दे लेकरा, पुढल्या साली जाईन." म्हणताना त्यांनी पिशवी मात्र सोडली नव्हती.

माझी आई ते ऐकत होती. "ज्ञानोबा," ती म्हणाली, "घे उचलून. देवाला काय सांगायचं ते मी सांगते."

मला आईचं इतकं कौतुक कधी वाटलं नव्हतं. मी पाटापाशी पोचलो, वाकलो, तेवढ्यात बाहेरून हाक आली. "भाऊ, ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या. घावलं."

वंदनाताईंच्या हातात आर्टरी होती. कात्रीसारखा लांब चिमटा, ऑपरेशनमध्ये रक्त वाहणारी नस पकडून धरतो तो. जुनी झाली म्हणून घरी पडलेली. त्यांनी पुन्हा डोळे मिटले, आर्टरी आत घातली, टक्कन आवाज आला आणि काळी रिंग बाहेर आली, सबंध, एकही तुकडा आत न ठेवता. मग ती ताटात गेली. नवीन सेन्सर बसला, बोल्ट लागला, डबा, वायर. ताट रिकामं झाल्यावरच त्यांनी बॉनेट खाली घेतलं.

मिलिंदनं सेल्फ मारला. काटा उठला आणि गाडी सुरू झाली. गयाबाई उठल्या आणि पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. आईनं त्यांच्या पिशवीत पुरणपोळ्यांचा डबा ठेवला.

नागपूरहून आल्यावर वंदनाताईंनी ती आर्टरी मला देऊन टाकली. वर्कशॉपमध्ये आता नियम आहे: काढलेलं सगळं ताटात, आणि ताट रिकामं झाल्याशिवाय बॉनेट खाली नाही. इंजिन ओल्या फडक्यानं पुसावं, हे मी गिऱ्हाइकांना दर दसऱ्याला सांगतो. ते ऐकत नाहीत.

पुढच्या खंडेनवमीला नागपूरला निघायच्या आधी वंदनाताई निरोप घ्यायला आल्या, तेव्हा पाटावर पान्यांच्या मधोमध आर्टरी होती, हळदीकुंकू लावलेली.

"हिला बी बसवलं का?" त्या म्हणाल्या. "आता गाडी अडली तर?"

"दुसरी असेल की तुमच्याकडं."

त्यांनी पर्स उघडून दाखवली. दुसरी आर्टरी होती, आणि तिच्याशेजारी दहाचा पाना. बाहेर गयाबाईंनी हॉर्न वाजवला.