तिसरं बदक

नोरीनला जुन्या शोभेच्या वस्तूंचा भारी नाद. ऑस्ट्रेलियातल्या बेंडिगो गावी चर्चच्या दुकानात लोक जुनं सामान देऊन जायचे, ते लावायला ती फुकट जायची, ते त्यापायीच. तिच्या आईची भिंतीवरची प्लास्टरची उडती बदकं होती तीन. दोन नोरीनकडे राहिली, तिसरं धाकट्या बहिणीने, वाल्डाने, भांडून नेलं. तेव्हापासून तीस वर्षं अबोला.

एका मंगळवारी तिशीतली एक पोरगी खोकं घेऊन आली. वरच ते बदक, चोच तुटलेलं.

"कुणाचं गं हे?"

"माझ्या आईचं. वाल्डा नाव तिचं. मार्चमध्ये गेली ती."

नोरीनने ह्या पोरीला पाळण्यात पाहिलेलं. पोरगी तिला कुठून ओळखणार?

"आईला आवडायचं वाटतं?"

"छे हो! म्हणायची, ध्यान आहे नुसतं. पण काढू द्यायची नाही. म्हणायची, हे मागायला माझी ताई येईल, निदान भांडायला तरी येईल."

बदक छातीशी धरून नोरीन तिथेच जमिनीवर बसली.

"अहो आजी, बरं वाटत नाही का?" पोरगी विचारत राहिली.